‘रोमिओ अँड ज्युलिएट’ : जोड्या लावा

शेक्सपिअरचं हे नाटक अभ्यासाला लागलं की बहुतेक विद्यार्थी पहिल्या आठवड्यातच एक वही करतात. डावीकडे अलंकाराचं नाव, उजवीकडे नाटकातली ओळ. उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती, श्लेष, विरोधाभास. वही भरते, पेपरात तिच्यातल्या पाच-सहा ओळी उतरतात आणि नाटक वहीबाहेरच राहून जातं. ओळ शोधणं मुळात कठीण नाही. या नाटकात दर चार ओळींमागे काहीतरी हाताला लागतंच. कठीण आहे ते पुढचं: हा अलंकार याच माणसाच्या तोंडी, याच घडीला का आला, आणि तो आल्यामुळे प्रसंगात काय हललं?

त्यासाठी एक पद्धत सुचवतो. शाळेतल्या प्रश्नपत्रिकेत ‘जोड्या लावा’ असायचं ना, तेच करायचं. मात्र जोडी ओळीची आणि अलंकाराच्या नावाची लावायची नाही, एकाच अलंकाराच्या दोन जागांची लावायची. या नाटकात शेक्सपिअर आपली जवळजवळ प्रत्येक हातोटी दोनदा वापरतो. एकदा सगळं हसण्यावारी चाललेलं असताना आणि एकदा जिवावर बेतल्यावर. दोन्हींच्या मधली रेषा सहज सापडते. तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश, रोमिओचा मित्र मर्क्युशिओ याचा मृत्यू. रेषेच्या अलीकडची एक जागा घ्या, पलीकडची एक घ्या, शेजारी ठेवा. उत्तर निम्मं तयार होतं.

पण आधी वाचनाची तयारी. थेट मूळ संहितेवर झडप घालायची गरज नाही. मंगेश पाडगावकरांचा मराठी अनुवाद आधी वाचला तर त्यात कमीपणा कसला? शेवट आधीच कळेल अशी भीती नको. नाटककारानंच तो सुरुवातीच्या चौदा ओळींत सांगून टाकलाय. मग टिपा असलेली एखादी इंग्रजी आवृत्ती घ्या; आर्डेन किंवा फोल्जरची चालेल. रोज एक-दोन प्रवेश, आणि मोठ्यानं वाचा. पद्यातली ओळ साधारण दहा अक्षरावयवांची, हलका-जड, हलका-जड अशा आघातांची आहे. आपल्या वृत्तांतल्या लघु-गुरूंसारखं मोजायला गेलात तर फसाल. तिथे जोर मोजतात, मात्रा नाही. कानाला ठेका पकडता आला की पुरे. मात्र पद्य सोडून गद्य कुठे सुरू होतं तिकडे लक्ष ठेवा. नोकरचाकर गद्यात भांडतात, आणि जखमी मर्क्युशिओ त्याचे अखेरचे विनोद गद्यातच करतो.

दुसरी तयारी म्हणजे दिवसांचा तक्ता. ही कथा शेक्सपिअरची स्वतःची नाही. इटलीत ती लुइजी दा पोर्तो आणि बांदेल्लो यांनी सांगितली होती, आणि आर्थर ब्रूक या इंग्रज कवीनं १५६२ मध्ये तिच्यावर दीर्घकाव्य लिहिलं होतं. ब्रूकच्या काव्यात हा मामला महिनोन्‌महिने चालतो. शेक्सपिअरनं १५९५च्या आसपास नाटक लिहिताना तो पाच दिवसांत कोंबला. रविवारी सकाळी मारामारी, रात्री मेजवानी आणि पहिली भेट. सोमवारी लग्न, त्याच दुपारी दोन मुडदे. मंगळवारी पहाटे ताटातूट. घरच्यांनी निवडलेल्या पॅरिसशी ज्युलिएटचं लग्न गुरुवारी ठरलेलं, ते तिचा बाप कॅप्युलेट उत्साहाच्या भरात बुधवारवर ओढतो, म्हणून तिला मेल्यासारखं निजवणारं औषध मंगळवारी रात्रीच घ्यावं लागतं. ब्रूकची सोळा वर्षांची ज्युलिएट इथे चौदाचीही नाही. हा तक्ता कागदावर मांडून टेबलासमोर चिकटवा. ‘घाई’ हा या नाटकाचा विषय आहे, असं प्रत्येक गाइडात असतं. पण लग्नाची तारीख एका दिवसानं अलीकडे येणं आणि फ्रायर लॉरेन्स या साधूचं रोमिओला लिहिलेलं पत्र वेळेत न पोचणं यांचा धागा दिवस मांडल्याशिवाय दिसत नाही.

आता जोड्या. पहिली विरोधाभासाची, कारण परीक्षेत ती हमखास येते आणि हमखास वाया जाते.

पहिल्या अंकाच्या पहिल्याच प्रवेशात रोमिओ एकमेकांना काटणाऱ्या शब्दांची माळ ओवतो. जड हलकेपणा, थंड आग, आजारी आरोग्य अशा धाटणीची. तो रोझालिनच्या प्रेमात आहे, म्हणजे निदान त्याचं तसं म्हणणं आहे. ही रोझालिन नाटकभर एक शब्द बोलत नाही. आणि ही शब्दांची माळही रोमिओची स्वतःची नाही. पेत्रार्क या इटालियन कवीपासून चालत आलेली ती फॅशन होती, आणि शेक्सपिअरच्या काळापर्यंत ती पार गुळगुळीत झाली होती. पुढे दुसऱ्या अंकात मर्क्युशिओ पेत्रार्कचं नाव घेऊनच रोमिओची टर उडवतो. म्हणजे पहिल्या अंकातला विरोधाभास रोमिओचं दुःख दाखवण्यासाठी नाहीच. दुःखाची भाषा त्याला पाठ आहे, दुःख अजून यायचंय, हे त्यातून दिसतं.

आता तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश. दाई धापा टाकत येते, अर्धवट बोलते, आणि ज्युलिएटला आधी वाटतं रोमिओच गेला. मग उलगडतं की गेला तो तिचा मामेभाऊ टिबल्ट, आणि मारणारा रोमिओ. त्या क्षणी तिच्या तोंडून तशीच माळ निघते: देखणा जुलमी, देवदूतासारखा राक्षस, या जातीची. अलंकार तोच. पण इथे दोन्ही बाजू खऱ्या आहेत. ज्यानं भाऊ मारला तोच नवरा आहे, आणि लग्नाला अजून दिवसही उलटलेला नाही. रोमिओनं जो विरोधाभास मिरवला, तो ज्युलिएटच्या अंगावर येऊन आदळलाय.

आणखी चार ओळी पुढे वाचा, बहुतेक वह्यांत हे नसतं. दाई तिच्या सुरात सूर मिसळून रोमिओला शाप देते, आणि ज्युलिएटची माळ तिथेच तुटते. ती उलट दाईवरच भडकते. दुसऱ्यानं त्याला वाईट म्हटल्याबरोबर तिचा कौल लागतो. विरोधाभास म्हणजे इथे मनाचा न सुटलेला गुंता, आणि तो सुटल्याचं आपल्याला कशावरून कळतं, तर अलंकार थांबल्यावरून. अलंकार कुठे थांबतो तेही टिपून ठेवत जा.

श्लेषाची जोडी याहून छोटी आणि जास्त झोंबणारी. नाटक उघडतं ते कॅप्युलेटांच्या दोन नोकरांच्या पाचकळ कोट्यांनी. इंग्रजी शिकवणारे बरेचजण हा भाग घाईनं उरकतात. त्यातली चावटपणाची बाजू वर्गात सांगायची कशी, हा प्रश्न खरा आहे. पण तो वगळू नका. या कोट्यांमधूनच पुढे तलवारी निघतात. दुसरं टोक मर्क्युशिओ. पोटात तलवार घुसलेली आहे आणि तो ‘गंभीर माणूस’ आणि ‘कबर’ हे दोन्ही अर्थ देणाऱ्या शब्दावर कोटी करतो. मित्रांना कळतच नाही की जखम जीवघेणी आहे, कारण हा माणूस आयुष्यभर कोट्याच करत आलाय. प्रेक्षकही क्षणभर हसतो. मग तो दोन्ही घराण्यांना शाप देतो, आणि नाटकातून हसू जवळजवळ उठून जातं.

इथे थोडं थांबून विचार करा. या प्रवेशापर्यंत हे नाटक सुखात्मिकेच्या साच्यात चाललेलं आहे. आंधळं प्रेम, मुखवट्यांची मेजवानी, बडबडी दाई, मुलीचं लग्न भलतीकडे लावू पाहणारा बाप, गुपचूप मदत करणारा वडीलधारा. हा ऐवज मराठी प्रेक्षकाला नवा नाही. किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्रा’त हेच सगळं आहे: सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरतंय आणि तिचं मन अर्जुनात. तिथे सगळी सूत्रं कृष्णाच्या हातात असतात, म्हणून खोटा संन्यासी, फसवाफसवी, सगळं सुखरूप पार पडतं. शेक्सपिअरचं नाटक घडतं त्या व्हेरोनातही एक सूत्रधार आहे, फ्रायर लॉरेन्स. त्याची योजना कागदावर कृष्णनीतीपेक्षा फारशी वेडी नाही. पण तो देव नाही, जडीबुटी जाणणारा एक भला साधू आहे, आणि त्याचं पत्र न्यायला दुसऱ्या साधूच्या पायांशिवाय काही साधन नाही.

तो दुसरा साधू, फ्रायर जॉन, एका घरात अडकून पडतो. रोगाच्या संशयावरून ते घर बाहेरून बंद केलेलं असतं. आजच्या वाचकाला हा निव्वळ योगायोग वाटतो आणि कथानक कच्चं वाटतं. पण १५९२ ते १५९४ या काळात प्लेगमुळे लंडनची नाट्यगृहं बराच काळ बंद होती. दारांना बाहेरून अडसर लावलेली घरं त्या प्रेक्षकानं डोळ्यांनी पाहिली होती. ‘दैव की स्वभाव’ या ठरीव प्रश्नावर उत्तर लिहिताना हा मुद्दा वापरा. आणि कृपा करून दोनच रकाने करू नका. सुरुवातीचं निवेदन नक्षत्रांना दोष देतं खरं. पण लग्न बुधवारवर आणतो तो कॅप्युलेट, टिबल्टवर तलवार उपसतो तो रोमिओ, आणि थडग्यातून पळ काढतो तो फ्रायर. ॲरिस्टॉटलनं सांगितलेला नायकाचा ‘प्रमाद’ इथे एकाच माणसाच्या माथी मारायला गेलात तर नाटक हातातून निसटेल. मला स्वतःला विचाराल तर सगळ्यात मोठा दोष मोठ्या माणसांचा आहे. दोन घराण्यांचं भांडण कशावरून सुरू झालं हे नाटकात कुणीच सांगत नाही, आणि शेक्सपिअरनं ते मुद्दाम गाळलंय असं मी मानतो.

सुनीताकडे वळू. केशवसुतांमुळे मराठी वाचकाला चौदा ओळींचा हा घाट परका राहिलेला नाही. नाटकाचं सुरुवातीचं निवेदन सुनीतात आहे. तिथे ही रचना बंद पेटीसारखी आहे, आत शेवट ठेवलेला. मग पहिल्या अंकाच्या शेवटाकडे रोमिओ आणि ज्युलिएट प्रथम बोलतात. चार ओळी त्याच्या, चार तिच्या, पुढच्या दोघांच्या मिळून, आणि चौदावी ओळ संपताना चुंबन. यात्रेकरू आणि संतमूर्ती हे एकच रूपक दोघं चेंडूसारखं झेलतात. रोझालिनवर रोमिओ एकट्यानं कविता करायचा; इथे समोरून तोलामोलाचं उत्तर येतंय, तेही यमक जुळवून. लगेच दोघं दुसरं सुनीत सुरू करतात, चार ओळी होतात आणि दाई मध्ये येते: आईसाहेब बोलावताहेत. दुसरी कविता अर्धवट राहते ती राहतेच. अलंकाराचा परिणाम दाखवायला याहून चांगली जागा नाटकात नाही. आणि या सुनीताच्या अगदी आधी काय घडतं तेही लिहा. टिबल्टनं रोमिओचा आवाज ओळखलेला असतो, आणि तो सूड मनात धरून नुकताच बाहेर पडलेला असतो.

प्रकाश-अंधाराबद्दल सगळेच लिहितात. कॅरोलिन स्पर्जन या अभ्यासिकेनं १९३५ मध्ये शेक्सपिअरच्या प्रतिमांवर पुस्तक लिहिलं, त्यात या नाटकाची मुख्य प्रतिमा प्रकाशाची असल्याचं दाखवलं. तेव्हापासून हा मुद्दा उत्तरपत्रिकांचा हक्काचा झालाय. त्यात एकच भर घाला. प्रकाश म्हणजे चांगलं आणि अंधार म्हणजे वाईट, असं समीकरण इथे चालत नाही. रोमिओ-ज्युलिएटला रात्र हवी असते. लग्नाच्या दिवशी ज्युलिएट सूर्याला लवकर मावळायला सांगते, आणि ताटातुटीच्या पहाटे दोघं वाद घालतात की ऐकू आला तो पक्षी रात्रीचा की सकाळचा. सकाळचा असेल तर रोमिओला पळावं लागेल, नाहीतर मरावं लागेल. थडग्यात रोमिओला ज्युलिएटच्या रूपानं ती अंधारी जागा उजळलेली दिसते, आणि इथे प्रतिमा क्रूर होते, कारण ते तेज खरंच जिवंत देहाचं आहे.

तिथून नाट्यगत उपरोधाकडे जाता येतं. पात्राला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असणं, इतकीच व्याख्या पाठ करून थांबू नका. रोमिओ शेजारी बसून म्हणतो की तिच्या ओठांवरची, गालांवरची लाली मृत्यूला अजून पुसता आलेली नाही. त्याचं निरीक्षण अचूक आहे, निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे. औषधाचा अंमल बेचाळीस तासांचा, आणि तो उतरायच्या बेतात आलेला. व्याख्येपेक्षा हे लिहिलंत तर परीक्षक मान वर करेल. आणखी एक जागा चौथ्या अंकात आहे. पडद्याआड पलंगावर ज्युलिएट निपचित पडलेली, आणि त्याच रंगमंचावर लग्नघराची लगबग: मसाल्यांच्या किल्ल्या, लाकडं, स्वयंपाक्यांची आरडाओरड, रात्रभर जागलेला खुशीतला बाप. लग्नघर म्हणजे काय असतं हे ज्यानं पाहिलंय त्याला वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

एक जोडी मात्र जोडी नाही, साखळी आहे. मृत्यू हाच नवरदेव. पहिल्या भेटीनंतर ज्युलिएट नुसतं बोलून जाते की तो विवाहित असला तर थडगंच माझी लग्नशेज. तिसऱ्या अंकात आई रागाच्या भरात म्हणते, या मूर्ख मुलीचं थडग्याशीच लग्न लागलेलं बरं. चौथ्या अंकात बाप टाहो फोडतो की मृत्यू माझा जावई झाला. पाचव्यात रोमिओला संशय येतो की मृत्यूच तिच्यावर भाळून तिला इथे डांबून बसलाय. चार तोंडं, चार प्रसंग, एक रूपक. उद्‌गारापासून सुरू होऊन ते अक्षरशः खरं ठरतं. ‘पूर्वसूचना’ या तंत्रावर प्रश्न आला तर बाकी सगळं सोडून ही साखळी उलगडा. आईचं वाक्य विसरू नका. त्यात प्रेमप्रकरणापेक्षा घरातल्या सत्तेबद्दल जास्त आहे. त्याच प्रवेशात बाप मुलीला घराबाहेर काढायची धमकी देतो, आणि दाईसुद्धा सांगते की पॅरिसशी लग्न करून टाक. चौथ्या अंकातल्या स्वगतात ज्युलिएट सवयीनं दाईला हाक मारते आणि लगेच सावरते: हे आता एकटीनंच करायचं. चौदा वर्षांच्या आतली मुलगी तीन दिवसांत कुठून कुठे आली, हे त्या अर्धवट हाकेत आहे.

आता प्रत्यक्ष लिहिणं. ‘रोमिओ विरोधाभास वापरतो, त्यामुळे भाषेचं सौंदर्य वाढतं’ असं वाक्य लिहिण्यापेक्षा ती जागा कोरी सोडा. त्याऐवजी असं काही: ‘पहिल्या अंकात रोमिओचे विरोधाभास उसने आहेत, रोझालिन समोर नाही आणि त्याचं काही पणाला लागलेलं नाही. तिसऱ्या अंकात ज्युलिएट तसेच शब्द उच्चारते तेव्हा तिच्यापुढे खुनी आणि नवरा हा एकच माणूस आहे. जी भाषा आधी प्रेमाची हौस भागवत होती, ती आता प्रेमाची किंमत मोजते.’ तीन वाक्यं, दोन संदर्भ, एक दावा. अंक-प्रवेश क्रमांक द्या, पण त्यांना पवित्र मानू नका. १५९७ आणि १५९९च्या पहिल्या छापील प्रतींत अंकांची विभागणी नव्हतीच, ती नंतरच्या संपादकांनी केली. लांब अवतरणं टाळा. पाच-सहा शब्द उचलले तरी परीक्षकाला ओळ कळते, आणि तुमच्या विचाराला जागा उरते.

आणखी एक प्रवेश सुचवतो, कारण त्यावर कुणी लिहीत नाही. ज्युलिएट ‘मेलेली’ सापडल्यावर, सगळं घर रडत असताना, पीटर हा नोकर लग्नासाठी आलेल्या वाजंत्रीवाल्यांशी फालतू विनोद करत बसतो. प्रयोगांत हा भाग सर्रास कापतात. १५९९च्या प्रतीत पीटरच्या जागी विल केंप या नटाचं नाव छापलं गेलंय. केंप म्हणजे त्या काळचा लोकप्रिय विनोदी नट. तेव्हा विदूषकाला काम हवं म्हणून हा प्रवेश आला, असं म्हणता येईल. पण केवळ तेवढ्यासाठी आला का? प्रेक्षकाला ठाऊक आहे की ज्युलिएट जिवंत आहे. मग या खोट्या शोकात हसणं शेक्सपिअर आपल्याला पाप वाटू देतो की नाही? या एका प्रश्नावर पान-दीड पान लिहून बघा.

चित्रपट पाहायचे तर पाहा, पण संहिता वाचून झाल्यावर. झेफिरेल्लीच्या १९६८च्या चित्रपटात थडग्यापाशी पॅरिस मारला जात नाही, तो प्रसंगच गाळलाय. दर वर्षी कुणीतरी पॅरिसला उत्तरपत्रिकेत जिवंत ठेवतं ते बहुधा त्यामुळे. बाझ लुहरमनच्या १९९६च्या चित्रपटात रोमिओ विष घेतो तेव्हा ज्युलिएट जागी झालेली असते आणि दोघांची नजरानजर होते. मूळ नाटकात तसं नाही. अर्थात ही खोडी जुनीच. १७४८ मध्ये डेव्हिड गॅरिक या नटानं लंडनमध्ये नाटक केलं तेव्हा त्यानंही ज्युलिएटला रोमिओ मरण्याआधी उठवलं होतं आणि दोघांना निरोपाचे संवाद दिले होते. प्रेक्षकांना ते फार आवडलं. दोन्ही शेवट शेजारी ठेवा आणि निरोपाची संधी मिळाल्यानं नाट्यगत उपरोधाचं काय होतं ते लिहा. जोड्या लावायचा सराव इथेही चालतो.